बूच

(दक्षिण ऑस्ट्रेलिया, पोर्ट लिंकन. क्लाइव्हच्या घराची मागची पडवी. त्याची बायको नेवेन्का मासे साफ करते आहे. डार्सी, क्लाइव्ह पूर्वी ज्या बोटीवर पाणबुड्या होता तिचा मालक, काठी टेकून उभा.)

डार्सी : यंत्रानं? म्हणजे डॉक्टरनं हातसुद्धा लावला नाही?

क्लाइव्ह : तो पलीकडे बसलेला, पडद्याला डोळे लावून. तो बोटं हलवणार, तशी यंत्राची बोटं माझ्या छातीत हलणार.

डार्सी : माझा नातू दिवसभर तेच करतो. बघू, कापलंय काय ते.

क्लाइव्ह : हे बघ. बरगड्यांच्या मधून.

डार्सी : एवढंच? लेका, गळ काढताना याहून मोठं लागलंय मला! माझी बायपास झाली तेव्हा करवतीनं छाती उघडली होती, खिडकीसारखी.

नेवेन्का : मग आत काही सापडलं का त्यांना?

डार्सी : नेवेन्का, मी समाचाराला आलोय. क्लबात म्हणाले, बुचाच्या हृदयाचं काहीतरी झालं.

नेवेन्का : त्याला नाव आहे.

डार्सी : अख्खं गाव बूच म्हणतं. मी एकटा आहे का?

नेवेन्का : ठेवलं कुणी ते? शिंपले काढायला खाली गेला, शार्क दिसला आणि बुचासारखा टुणकन वर आला, असं क्लबात हातवारे करून कोण सांगत होतं? याचा पाय लुळा पडलेला, आणि तुम्ही लोकांना बिअर पाजून हसवत होतात.

क्लाइव्ह : नेवा, जाऊ दे.

नेवेन्का : का जाऊ दे? त्यानंतर एकाही बोटीनं तुला घेतलं नाही. जन्म गेला कारखान्यात ट्यूना माशाचे डबे भरण्यात. आपल्या मार्कोला शाळेत पोरं बाटलीची बुचं फेकून मारायची. तो गाव सोडून गेला तो परत फिरकला नाही. आणि हे साहेब आले समाचाराला, क्लबात तोंडी लावायला काहीतरी हवं म्हणून.

डार्सी : घाईनं वर आलं की रक्तात बुडबुडे होतात. शेंबड्या पोरालाही कळतं ते. मी काय वेगळं सांगितलं?

क्लाइव्ह : हळू आलं तरी थोडे होतातच, डार्सी. सगळ्यांना. फुप्फुसात अडतात आणि श्वासाबरोबर निघून जातात. माझ्या हृदयाच्या पडद्याला भोक होतं. बुडबुडे त्यातून पलीकडे गेले, तिथून मणक्यात. म्हणून पाय गेला.

डार्सी : भोक? कधीपासून?

क्लाइव्ह : जन्मापासून.

डार्सी : आणि म्हातारपणी कळलं?

क्लाइव्ह : दम लागायचा. म्हटलं, वय झालं. घोटे सुजले तेव्हा तपासलं. भोक अशा जागी की मांडीतून नळी घालून बुजेना. आणि या वयात छाती फोडण्यापेक्षा यंत्र बरं, म्हणाले. ठिगळ लावलंय आता.

डार्सी : डॉक्टर काय, गिऱ्हाइकाला गोड वाटेल ते बोलतात. भित्र्याला सांगायचं, बाबा रे, तू भित्रा नाहीस, तुझ्या हृदयालाच भोक आहे. आणि बिल पुढं करायचं.

नेवेन्का : हळू आला होता तो. वाटेत दोनदा थांबला होता.

डार्सी : तू होतीस तिथं?

नेवेन्का : नाही. तुम्ही होतात. त्याची हवेची नळी तुमच्याच हातात होती ना? ओढून वेटोळं घालत होतात. तो कुठं थांबला, किती सावकाश आला, हे तुमच्याइतकं जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

क्लाइव्ह : बोल की, डार्सी.

डार्सी : जुनी गोष्ट आहे.

नेवेन्का : शी! एवढा थोरला देह, आणि आत काळीज हे एवढंसं.

क्लाइव्ह : शार्क नव्हता. पाणी काचेसारखं नितळ होतं. मग का सांगितलंस तसं?

डार्सी : पंप... हवेचा पंप. सकाळपासून त्याचा आवाज बदलला होता. मला वाटलं, नळीत धूर जातोय. चौकशी झाली असती तर परवाना गेला असता. बोट गेली असती.

नेवेन्का : म्हणून माझ्या नवऱ्याला भित्रा केलंत.

डार्सी : मला वाटलं, मीच याला... थांब. जन्मापासून म्हणालास ना?

क्लाइव्ह : हो.

डार्सी : म्हणजे माझा पंप ठीक होता?

नेवेन्का : ऐकलंस? चाळीस वर्षांनी पहिला प्रश्न काय, तर पंपाचा! माणूस गेला उडत, पंप ठीक होता ना? निघा इथून. ही माशाची आतडी मी मांजराला घालते, तुम्ही तेवढ्याही कामाचे नाही.

डार्सी : तुला विचारतोय मी, क्लाइव्ह. अजून झोपेत ऐकू येतो मला तो पंप. खोकत असतो नुसता.

नेवेन्का : खोकू दे.

डार्सी : मी क्लबात सांगेन. सगळ्यांसमोर.

नेवेन्का : कुणाला सांगणार? हसलेले निम्मे कबरीत पडलेत. तिकडं जाऊन ओरडा.

डार्सी : क्लाइव्ह, नुसतं हो की नाही म्हण.

नेवेन्का : एक शब्द बोललास त्याच्याशी, तर मी आत जाऊन कडी लावीन.

क्लाइव्ह : लाव, नेवा... नळीतली हवा चांगली होती, डार्सी.