बडग्याचा खांदा

आमचं मूळ उमरेडकडचं. माहा बाप तिथून पाठीवर गाठोडं अन् हातात कैची घेऊन नागपुरात आला, महालात एका किराणा दुकानाच्या ओसरीवर बसला, अन् त्याच ओसरीवर मी बटण लावाले शिकलो, काज कराले शिकलो, मार खाले बी तिथंच शिकलो. बापानं मले हात दिला, म्हणजे कापडावरचा. तोंडावरचा ताबा काही दिला नाही, तो त्याच्याकडे बी नव्हता. पण एक गोष्ट तो रोज सांगे, की गिऱ्हाईकाचं आंग शिंप्याच्या पोटात राहिलं पाहिजे. कोणाचं पोट सुटलं, कोणाची छाती बसकी, कोणाचा एक हात आखूड, हे टेप लावणाऱ्याले समजते, अन् ते तिथंच मेलं पाहिजे. कपडा असा शिवाचा की दुनियेले काही दिसू नये. मी मान हलवो. आयकलं किती, ते पुढं येतेच.

लग्न झालं, दोन लेकरं झाली, अन् मानमोडीच्या तापाच्या साथीत दोन्ही गेली, एकाच आठवड्यात. त्याच्यावर मी जास्त बोलत नाही. त्याच्यानंतर शंकर झाला. तो आठ वर्षाचा असताना मुदतीच्या तापानं असा पडला की त्याच्या मायनं पाण्याचा थेंब बी चमच्यानं पाजला. उठला तेव्हा पायात जीव नव्हता, भिंत धरून चाले, नवीन वासरू चालते तसा. अन् काय सांगू तुम्हाले, ज्या दिवशी तो पहिल्यांदा गल्लीत कटलेल्या पतंगीमागं धावला, त्या दिवशी मी एका भल्या माणसाच्या कुडत्याची बाही उलटी जोडली. माह्या डोक्यात तेव्हापासून एकच बसलं, की माहा पोरगा धावते म्हणजे जगते. धावला पाहिजे. अन् धावताना मले दिसला पाहिजे.

म्हणून शाळेत त्याचं नाव हाकीत घेतलं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. पेढे वाटाची घाई झाली थोडी. हाकीत तेव्हा अकरा उतरले की उतरले, कोणाचं डोकं फुटलं तरी मधे माणूस बदलाची रीत नव्हती. बारावा म्हणजे एक्स्ट्रा. त्यानं रेघेबाहेर बसाचं, पोट्ट्यांच्या टोप्या अन् जोडे सांभाळाचे, अन् हाफ टाइमले संत्री सोलून फोडी द्याच्या. माहा शंकर तो बारावा. एक अख्खा हिवाळा त्यानं संत्री सोलली. घरी आला की बोटांना सालीचा वास येई, अन् त्या वासानं माहं डोकं फिरे.

मी दुकानाची फळी लावून हरेक मॅचले जाओ. रेघेच्या पलीकडून, अगदी त्याच्या समोर, उभा राहो. गोल कोणी केला, हाणला कोणी, मले काही माहीत नाही, मी पोराकडंच पाहो. अन् घरी येताना एकच सवाल, आज बी नाही? काहून नाही? तू मास्तरले म्हटलं काय? तो म्हणे, नाही बाबा. मले वाटे मी त्याले धीर देऊन राहिलो. अकरा पोट्ट्यांचे सदरे शिवाले माह्याकडे आले, तर मी उरलेल्या कापडात बारावा शिवला, त्याच्यासाठी. त्यानं तो एकदा घातला, पोट्टे म्हणले, हा काहून गा? संत्री सोलाले? मग तो सदरा पेटीत गेला. माही बायको एका रात्री वाढता वाढता म्हणली, अवो, तुम्ही मॅच पाहाले जाता का पोराले पाहाले? मी म्हटलं, तू जेव. ती वाढून राहिली होती अन् मी तिले म्हटलं तू जेव. अशी माही अक्कल.

आता मास्तर. शाळेचे ड्रिल मास्तर, अकरांत कोण उतरणार ते तेच ठरवत, नाव राहू द्या, त्याईची मंडळी अजून महालातच आहे. ताठ माणूस, गळ्यात शिट्टी, आंगात चौकडीचा कोट. तो कोट माह्या हातचा. अन् त्या कोटाची गोष्ट फक्त त्याईले अन् मले माहीत होती. तरुणपणी मल्लखांबावरून पडून त्याईचा डावा खांदा खाली आला होता. पहिल्यांदा माप द्याले आले तेव्हा सदरा काढताना दाराकडे पाहत होते. मी काही बोललो नाही, डाव्या खांद्यात अस्तराच्या आतून कापूस भरला, थर थर देऊन, अन् कोट घातल्यावर दोन्ही खांदे बरोबर. आरशात पाहून ते किती वेळ उभे राहिले. माहा बाप असता तर खूश झाला असता.

तुम्ही बाहेरगावचे म्हणून सांगतो, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. मोठी मारबत, म्हणजे राक्षसिणीचा पुतळा, निघते, तिच्यामागं गल्लीगल्लीतले पोट्टे आपले बडगे काढतात, म्हणजे कामट्यांचा अन् चिंध्यांचा माणूस, जो त्या साली लोकाईले नडला असेल त्याचा. ओरडतात, इडा पिडा घेऊन जा गे मारबत, अन् गावाबाहेर नेऊन जाळतात. तर पोट्टे चिंध्या मागाले दरसाल माह्याकडेच येत. त्या साली आले, म्हणले, काका, यंदा कोणाचा काढू? मागच्या साली मच्छराचा काढला होता. मी मशीनवर होतो, तोंडात दोरा होता, तो काढून मी म्हटलं, शिट्टीवाल्याचा काढा. चिंध्या काहून नेता, कोटच शिवून देतो.

अन् शिवला. त्याच चौकडीचं कातरण माह्याकडे पडलं होतं. माप पाहाची गरज नव्हती, हाताले पाठ होतं. हात चालला की चालला, काय सांगू, इतका मन लावून मी कोणाच्या लग्नाचा कोट शिवला नसेल. गळ्यात पत्र्याची शिट्टी टांगली. अन् शेवटी खांदे. उजव्यात चिंध्या भरल्या. डाव्यात नाही भरल्या. बडग्या उभा केला तर डावा खांदा असा उतरला की पोट्टे हसून हसून लोळले. मी बी हसलो. मले वाटलं, वा रे मी.

दुसऱ्या दिवशी बडग्या निघाला. पोट्ट्यांनी आपलं जोडलं, वाकड्या खांद्याले घेऊन जा गे मारबत. लोक ओट्यावर, गच्चीवर, सगळे हसून राहिले. मास्तरचं घर वाटेवरच, ते ओट्यावर उभे होते, घरीच असल्यामुळे कोट नव्हता, नुसता सदरा. बडग्या समोर आला. त्याईनं कोट पाहिला, शिट्टी पाहिली, मग खांदा पाहिला, अन् त्याईचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. झाकाले. भर गल्लीत, सगळ्याईसमोर. मग ते आत गेले.

शंकर माह्यापासून चार पावलांवर होता. त्यानं मास्तरचा हात पाहिला. मग बडग्याची शिलाई पाहिली, अन् मग माह्याकडे पाहिलं. दुकानात बसून बसून त्याले माहा टाका ओळखू येत होता. तो गर्दीत घुसला, पोट्ट्यांच्या हातून बडग्या ओढला, आंगातला कोट काढून काखेत घेतला अन् घरी निघून गेला. पोट्टे नागडा बडग्या घेऊन गेले जाळाले.

त्या दिवसापासून शंकर मैदानावर गेला नाही. शाळेत जाये, घरी ये, मायले पाणी भरू लागे. माह्याशी कामापुरतं. मी म्हटलं, प्रॅक्टिस नाही काय? तो म्हणे, नाही. मले वाटलं दोन दिवसाचा राग आहे. मग त्याच्या मायनं सांगितलं, की शाळेत पोट्टे एक खांदा पाडून मास्तरमागं चालतात, अन् शंकर तिले म्हणला, माय, मी कोणत्या तोंडानं जाऊ? माह्याच बापानं दाखवलं ना सगळ्याईले. बायको मले म्हणली, मास्तरनं त्याले बसवलं होतं, अवो, तुम्ही तर उठवूनच आणलं.

जेवण जाईना. एका संध्याकाळी मास्तरच्या घरी गेलो. ते ओट्यावर हाकीच्या काठ्यांना जवसाचं तेल लावत बसले होते. मी खाली उभा राहिलो. म्हटलं, मास्तर, चुकलो. धंद्याले बी चुकलो, तुम्हाले बी चुकलो. ते तेल लावत राहिले. मग म्हणाले, हुबेहूब बेतला होता. एवढंच. मी पाया पडाले वाकलो तर पाय मागं घेतले.

इथं उठून घरी याचं होतं ना? पण तोंडावर ताबा नाही सांगितलं तुम्हाले. मी म्हटलं, मास्तर, पोराचा काही दोष नाही, त्याले यंदा एक मॅच तरी खेळवा. माफी मागाले गेलेला माणूस. त्याईनं पहिल्यांदा वर पाहिलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, तो अकरांत बसत नाही. पाय मंद आहेत, आणि का मंद आहेत ते तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही माझा बडग्या काढलात म्हणून मी त्याला घेणार नाही, आणि काढलात म्हणून टाळणारही नाही. पण तो येत होता. ऊन असो, चिखल असो, सगळ्यांच्या आधी येत होता. त्याला यायचं असेल तर येऊ दे म्हणावं.

घरी आलो. शंकर दिव्याजवळ पाटी घेऊन बसला होता. मी त्याच्याजवळ खाली बसलो, अन् जे बोलणं झालं ते सगळं सांगितलं, अकरांत बसत नाही हे बी सांगितलं. मले वाटलं आता रडते. नाही रडला. म्हणला, ते मले माहीत आहे, बाबा. मास्तरनं मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी म्हटलं, मग बसतो काहून गा? वाईट नाही वाटत?

तो म्हणला, वाटते ना. पण मॅच सुरू झाली की मी विसरतो. मग तुमच्याकडे लक्ष जाते, अन् तुमचं तोंड पाहून मले पुन्हा समजते की मी खेळून नाही राहिलो.

बायको चुलीजवळ होती. तिनं फुंकणी खाली ठेवली अन् पदर तोंडाले लावला. मी म्हटलं, मग मी येऊ नोको काय? त्यानं पाटीवर बोट फिरवलं. मग म्हणला, या. पण मॅच पाहा.

तो गेला मैदानावर. पहिल्या दिवशी पोट्ट्यांनी खांदे पाडून दाखवले, मास्तरनं नेहमीसारखी शिट्टी मारली, अन् शंकर रेघेबाहेर आपल्या जागेवर बसला. दिवाळीनंतर कामठीले मॅच होती, छावणीतल्या पोट्ट्यांशी. मी बी गेलो, अन् यावेळी समोर नाही, त्याच्याच बाजूनं, दूर, एका बाभळीखाली उभा राहिलो. अन् खेळ पाहिला. पहिल्यांदा, बरं काय. हाफ टाइमले शंकर संत्री घेऊन आत धावला, धावला म्हणजे त्याच्या परीनं, अन् एकाच्या हातात फोड ठेवता ठेवता त्याच्या कानात काही बोलला. आमचे हरले. परत येताना टांग्यात मी जीभ दाताखाली धरून बसलो, इतकी की कामठी मागं पडली तरी सोडली नाही. मग शंकरच बोलाले लागला, बाबा, त्याईचा लेफ्ट आउट पाहिला काय, तो खांद्यानं हूल देते, मी आपल्या बॅकले सांगितलं होतं. नागपूर येईपर्यंत बोलत होता. पोराचा इतका आवाज मी तोपर्यंत आयकलाच नव्हता.

मास्तरनं पुन्हा माह्याकडे कपडा टाकला नाही. सीताबर्डीले शिवत. रस्त्यात भेटले तर नमस्कार घेत, थांबत नसत. ते बरोबरच होतं. पोट्ट्यांनी त्याईले शाळेत मागून वाकडा खांदा हे जे नाव ठेवलं ते रिटायर होईपर्यंत पुसलं गेलं नाही, अन् ते नाव मी बेतलेलं आहे.

शाळेच्या शेवटल्या साली एका संध्याकाळी शंकर घरी आला. मी लग्नसराईत बुडालो होतो, मॅचले गेलो नव्हतो. तो उंबऱ्यात बसून मले सांगू लागला, बॅकनं कसा अडवला, गोलकीपर कसा पडला, शेवटी बरोबरीत सुटली. मी मशीन थांबवून आयकत होतो. तेवढ्यात त्याची माय म्हणली, कारे शंकर, गुडघा कायनं फुटला तुहा? तो मग खाली पाहत म्हणला, एकाले ताप होता. मास्तर म्हणले उतर. मी खाली बसून त्याच्या गुडघ्याले हळद लावली, अन् विचारलं, मग तो गोलकीपर कसा पडला म्हणतो?

आता लढाई चालू आहे, कामठीच्या छावणीतून खाकी कपड्याचे गठ्ठे येतात, डोळे साथ देत नाहीत, पण शिवतो. शंकर रेल्वेत लागला, त्याले पोरगी झाली, ती अजून रांगते. ऐतवारी तो मैदानावर जाते, कधी खेळते, कधी बसते, मी विचारत नाही, तोच येऊन सांगते. तुम्ही लिहूनच घेऊन राहिले तर एवढं बी लिहा, की ज्या बापाचं लेकरू रेघेबाहेर बसलं असेल, त्या लेकराले देव पाय देवो. अन् पाय नाही दिले, तर बापाले थोडं गप्प बसाची बुद्धी देवो. मले उशिरा दिली, पण दिली. चहा घ्या, थंडा होऊन राहिला.