पिवळ्या ठिपक्यांचा कोलियस

नाही नाही, त्याला हात लावू नका भाऊ — तो विकायचा नाहीये. माहितीये मला, गेल्या खेपेला मीच कौतुकाने दाखवला होता, नवा रंग निघालाय म्हणून. जांभळ्या पानावर पिवळे ठिपके — हुरळूनच गेले हो मी. वन्संनी इतकी वर्षं या हिरव्या जाळीखाली, सावलीत हे रंगीत पानांचे कोलियस विकायला वाढवले, पण असला रंग त्यांच्याही हातून कधी निघाला नव्हता. आणि त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या काय, माझ्या हातून निघाला. मग काय, खुडले शेंडे, लावली कलमं, येईल त्याला दाखवत सुटले. — का विकायचा नाही? रोग आहे तो. रंग नाही, रोग. काल पानं मुरडायला लागली तेव्हा डोक्यात उजेड पडला. एकाच ब्लेडने कापत गेले ना मी — त्या ठिपकेवाल्यावरून लाल, लालवरून पोपटी. वन्सं दर झाडामागे ब्लेड स्पिरिटने पुसतात. मला वाटायचं, काय हे चोचले. — तुम्ही गेल्या खेपेला नेलेले? उपटा आणि जाळून टाका, पदर पसरते तुमच्यापुढे.

आज येताहेत त्या. आरडाओरडा केला तर बरं होईल — पण त्या ओरडत नाहीत, गप्प होतात, आणि त्याचीच मला धडकी भरते. बाकीचं गेलं तर गेलं, परत लावू. पण ती कोपऱ्यातली कुंडी — साधा लाल आहे, कुणी ढुंकून बघत नाही. नवरा गेल्यावर वन्सं माहेरी आल्या ना, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून तेवढी एक फांदी आणली होती. त्यांच्या अंगणातली, त्यांनीच लावलेली. जुनं झाड थकलं की त्याचीच फांदी पुन्हा लावतात. त्याला मी ब्लेड लावलं नाही. अजिबात नाही. नुसता शेंडा खुडला, दाट व्हावं म्हणून, नखाने — त्याआधी ते ठिपकेवाले खुडले होते, आणि मग लगेच — याच नखाने.

माझी नजर काही तिकडे वळत नाही. तुम्ही बघा ना जरा वाकून. शेंड्याचं कोवळं पान, वरच्या बाजूने. नीट बघा, घाई नाही. ... असं माझ्याकडे काय बघता? पानाकडे बघा.

बाहेर गाडी थांबली वाटतं. नका सांगू काही, राहू दे. तुम्ही निघा आता.