जोतिबाच्या चढाला उसातली केबल

हसू नका, ह्या डोळ्यांनी बघितलंय. भाच्याचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी नव्या जोडीला जोतिबाला न्यायचं होतं. पण बहिणीकडची जुनी गाडी चढाला लागली की टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाला करंट पुरायचा नाही. गाडी मधेच बंद!

बहीण भडकली. "नवी सून घाटात गाडी ढकलणार व्हय?"

"पंपाला काय झालं न्हाय," दाजी म्हणाले. "वायर बारीक हाय. उसातली मोटर अशीच रडत्या की!"

आणि त्यांनी शेतातली करंगळीएवढी जाड केबल बॅटरीपासून थेट पंपापर्यंत ओढली. मधे मोटरीचाच, शेतात लाइट आली की दाबायचा, हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर बसवला.

दाजींनी हिरवं बटण दाबलं आणि काय सांगू, गाडी डोंगर अशी चढली की कठड्यावरची माकडं उठून उभी राहिली. मी देवाआधी त्या केबललाच हात जोडले.

वर पोचल्यावर दाजींनी ऐटीत लाल बटण दाबलं. नवी सून, शेतकऱ्याचीच पोर ती, वाकून स्टार्टरकडं बघत मला हळूच म्हणाली, "मामा, परत जाताना लाइट असंल न्हवं?"