तिसऱ्या पुकाऱ्यानंतर

मंडळी, वहिनी, आणि पिंपळगाव रेणुकाईहून सकाळच्या एसटीनं आलेल्या भाऊबंदांनो,

सर्जेरावांच्या शोकसभेत मला बोलायला उभं करून तुम्ही चूक केली. मी रतनलाल, कोर्टासमोरचा टाइपवाला. जन्मभर दुसऱ्याचं म्हणणं कागदावर उतरवलं. स्वतःचं सांगायची वेळ आली, तर सकाळपासून तीन कागद टाइप करून फाडले. तरी बोलतो. एक गोष्ट आज सांगितली न्हाई, तर ती माझ्याबरोबरच जाईल.

सर्जेरावांना तुम्ही गाणारा माणूस म्हणून ओळखता. मी त्यांना ओळखलं ते पुकाऱ्यावरून. अंबडच्या कोर्टात शिपाई होते. दाराशी उभं राहायचं आणि नाव पुकारायचं. अमुक पिता अमुक, हाजिर हो! तीनदा पुकारायचं. मंग थांबायचं. उत्तर आलं तर आत जाऊन सांगायचं, हाजिर. न्हाई आलं तर गैरहाजिर.

काय आवाज होता, मंडळी! रस्त्यापलीकडं माझी मशीनवरची बोटं थांबायची. मी म्हणायचो, "सर्जेराव, गा की हो. वडिलांची पेटी घरी पडून आहे, मी वाजवतो." ते हात जोडायचे. "शेट, थट्टा करू नका. गाण्याला कान लागतो. माझा कान खोटा हाय."

वर्षानुवर्षं हेच. माझा कान खोटा हाय.

पेन्शनीत निघाले, आणि एका दुपारी दुकानात येऊन बसले. त्या दिवशी बोलले. तीर्थपुरीच्या गिरजाबाईचा बांधाचा दावा होता. म्हातारी दर तारखेला यायची, व्हरांड्याच्या पायरीवर बसायची. पुकारा झाला की म्हणायची, "आले बाबा, आले." एका तारखेला यांनी तीनदा पुकारलं. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर उत्तर आलं, "आले बाबा, आले." यांनी आत जाऊन सांगितलं, हाजिर. साहेब थांबले, वकील थांबले. कुणीच आलं न्हाई. पायरी रिकामी. सगळ्यांदेखत बोलणी बसली. दुपारी तिचा पुतण्या आल्ता. म्हणाला, काकू पहाटंच गेली.

"तवापासून कानावर इस्वास न्हाई," सर्जेराव म्हणाले. "जे न्हाई ते ऐकू येतं मला. असा माणूस सुरात काय गाणार?"

मी जाऊन पेटी आणली. म्हटलं, "सा लावा."

साठीचा माणूस, मंडळी, पहिलीतल्या पोरासारखा बसायचा. सा लावायचा आणि विचारायचा, "बराबर लागला का?" मी हो म्हणायचो. परत लावायचा, परत विचारायचा. वर्षभरानं स्वतःच्या चाली बांधायला लागले. शब्दही स्वतःचे. कशावर? नावांवर. जी माणसं पुकारूनही आली न्हाईत, त्यांची नावं. एकेक नाव तीनदा घ्यायचे, तीन वेगळ्या सुरांत, आणि मंग सगळं थांबायचं. पेटीसुद्धा. मी वैतागायचो. म्हणायचो, "अहो, इथं जागा रिकामी का सोडता? लोक म्हणतील विसरला." ते म्हणायचे, "राहू द्या शेट. त्यांना बोलायला जागा लागंल."

पहिल्यांदा लोकांसमोर गायले ते तुमच्याच गावी, रेणुकामातेच्या देवळात. भर दुपार होती. पिंपळगावकर, तुमच्यातले कितीतरी तिथं होते. शेवटचं नाव गिरजाबाईचं. तीनदा घेतलं. थांबले. मी भात्यावरचा हात उचलला. देवळात कुणी हूं की चूं करत नव्हतं.

आणि माझ्या डाव्या बाजूला, मंडळी, अगदी जवळ, थकलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "आले बाबा, आले."

मी वळून पाह्यलं. डाव्या बाजूला खांब होता. दुसरं काही न्हाई.

परतीच्या एसटीत सर्जेरावांनी विचारलं, "शेट, काही ऐकलं का?"

मी न्हाई म्हणालो.

भ्यालो, दुसरं काय! कागदावर असेल तेवढंच खरं मानणारा मी माणूस. बिलकुल न्हाई, म्हणालो. दुसऱ्या दिवशी सर्जेरावांनी सरावासाठी नेलेली पेटी परत आणून ठेवली. मंग चार महिने माझ्या दुकानाची पायरी चढले न्हाईत. गाणं बंद. वहिनी, तुम्ही त्या दिवसांत मला विचारलं होतं, यांना काय झालं? मला माहीत होतं. मी सांगितलं न्हाई. आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

शेवटी माझ्यानं राहवलं न्हाई. पेटी घेऊन यांच्या घरी गेल्तो. म्हटलं, "ऐकलं होतं मी. आले बाबा, आले." सर्जेराव लहान लेकरासारखे रडले. "म्हंजे माझा कान बराबर हाय," म्हणाले. "इतकी वर्सं बराबरच होता."

त्यानंतर पुन्हा कधी विचारलं न्हाई, सा लागला का. तीर्थपुरीत गायले, जालन्यात गायले. तुम्ही ऐकलं आहे. ती मधली रिकामी जागाही ऐकली आहे.

आठ दिवसांपूर्वी दुपारी ते पेटीवर बसले होते. वहिनी आत भाकरी करत होत्या. वहिनी सांगतात, सूर थांबला आणि हे म्हणाले, "आलो, आलो." दारात कोण आलं म्हणून त्या बाहेर आल्या. दारात कुणीच नव्हतं. हे भिंतीला टेकून बसले होते. हात भात्यावर होता.

कुणी पुकारलं त्यांना? मला माहीत न्हाई. मला जाणूनही घ्यायचं न्हाई.

आता त्यांच्याच रिवाजानं निरोप देऊ. माझा आवाज तसा न्हाई, सांभाळून घ्या. उभे राहा. मी तीनदा नाव घेतो. मंग दोन मिनिटं कुणी हलायचं न्हाई, खोकायचं न्हाई. तेवढी जागा त्यांच्यासाठी सोडायची. आणि तुमच्यातल्या कुणाला काही ऐकू आलं, तर माझ्यासारखं न्हाई म्हणू नका.

सर्जेराव पिता बाबूराव, मूळ राहणार पिंपळगाव रेणुकाई, हाजिर हो.

सर्जेराव पिता बाबूराव, हाजिर हो.

सर्जेराव...