उलटी वळलेली वेणी

तसं काही नाही हो काका, घडी मोडली तरी चालेल, तुमचाच स्वेटर आहे — मोडा, उलगडा, अंगाला लावून बघा. फक्त त्या खुर्चीवर बसू नका, तिथे उशीखाली सुई राहिलेली असते कधीकधी, माझी ताई एकदा बसली होती, अजून बोलून दाखवते. इथे बसा, खिडकीशी, इथे उजेड बरा आहे. चहा टाकू? नको? पाणी? — नको. बरं. पसाऱ्याकडे बघू नका म्हणजे झालं. हीच माझी झोपायची खोली, हेच ऑफिस, आणि ती टोपली म्हणजे गोदाम. आई फोनवर विचारते, आज कामाला गेलीस का, मी म्हणते गेले, म्हणजे पलंगावरून उठून टेबलाशी आले. खोटं नाही ना ते? सकाळपासून एका साबणवाल्याच्या खोक्याचं चित्र करतेय, त्याला हिरवा रंग हवाय पण हा हिरवा नकोय, कुठला हवाय ते त्याला दिसल्यावर कळणार आहे. डोकं फिरलं की मी सुया हातात घेते. विणकामात कोणी मागून बदल सांगत नाही ना — आपणच विणायचं, आपणच उसवायचं. तेवढं एक बरं असतं.

मग? कसा झालाय? नुसती मान नका हलवू, नावं ठेवायची तर ठेवा, मला सवय आहे. तुम्ही आणून दिलात तेव्हा काय होतं बघा — पाठ पूर्ण, पुढचा भाग गळ्याच्या जरा खालपर्यंत, एक बाही पूर्ण, दुसरीचा पत्ता नाही, आणि सगळं त्या निळ्या अभ्र्यात गुंडाळलेलं, सुया तशाच अडकलेल्या. अभ्रा त्या पिशवीत ठेवलाय, धुऊन, इस्त्री करून. नाही, धुवायलाच हवा होता असं नाही, मी आपलं — हाती लागला, टाकला धुवायला. तुम्ही फोटो पाहिलात ना माझ्या पेजवर? तुमचं नाव कुठे घातलेलं नाही हं. नुसतं लिहिलं, एका आईने सुरू केलेला, मी पूर्ण केलेला. लोकांनी इतकं लिहिलंय खाली की काय सांगू. एकीने लिहिलं, आईचा हात कुठे संपतो आणि हिचा कुठे सुरू होतो ते कळतच नाही. त्याच्यावर तर शेकड्यांनी बदाम आले. आता तसलीच कामं येतायत. आज संध्याकाळी एक बाई येणार आहेत, त्यांच्या नवऱ्याचा मफलर घेऊन — म्हणजे नवराच विणत होता, आजारपणात शिकला, आणि अर्ध्यावर राहिला. फोनवर रडत होत्या. मी म्हटलं या तुम्ही, मी बघते. मी बघते असं अगदी मोठेपणाने म्हटलं.

घालून बघा ना. — बरं, नका घालू. काय शोधताय काका? धागा सुटलाय का कुठे? मघापासून अंगठा तिथेच फिरतोय तुमचा, डाव्या बाजूला, छातीशी. नक्षीतल्या वेण्या सगळ्या सारख्या आहेत, बघा, सगळ्या उजवीकडे वळलेल्या, एका मापाच्या. तसं जमायला वेळ लागतो, टाके तिरपे ओढून एकावर एक घ्यायचे असतात आणि — काय म्हणालात? उलटी? उलटी कुठली?

हं. ती. ती होती खरी एक. इतर सगळ्या उजवीकडे आणि मधलीच एक डावीकडे गेलेली. नजरचुकीने होतं तसं, टाके पुढे धरायचे ते मागे धरले की झालं. ती मी — ती मी सरळ केली. त्याला काही फार लागत नाही, तेवढेच टाके खालपर्यंत सोडायचे आणि परत वळवून घ्यायचे, आजूबाजूचं काही उसवावं लागत नाही. मला वाटलं तुम्हाला दिसली नसेल. लोक बघत नाहीत हो इतकं. मला वाटलं, आयुष्यभर अंगावर घालायचा स्वेटर, त्यात चूक कशाला राहू द्यायची? मी करायला घेतलंय तर नीटच करायला नको का?

— तुम्ही हसला होतात? कधी, त्या विणत असतानाच? म्हणजे त्यांना माहीत होती? माहीत असून पुढे विणल्या? आणि — थांबा, काय म्हणाल्या? राहू दे म्हणाल्या. राहू दे, दुकानातला नाही हे तुला हात लावल्यावर कळेल, असं म्हणाल्या.

हे तुम्ही मला सांगितलं होतं का काका? देताना? इथे उभं राहून काहीतरी सांगत होतात खरं, बराच वेळ, दवाखान्यातलं काहीतरी, खिडकीकडे तोंड करून विणायच्या वगैरे — मी हो हो म्हणत होते. खरं सांगायचं तर मी अभ्र्यावरची लोकर बघत होते, त्या निळ्यावर राखाडी काय सुंदर दिसत होती, मनात म्हणत होते की हा माणूस गेला की उजेड जायच्या आत फोटो काढून घेते. ऐकलंच नाही मी. तोंडाकडे बघत होते तुमच्या, पण ऐकत नव्हते.

ठीक आहे, एक वेणीच ना? परत वळवून देते. आत्ता. बसा तुम्ही, अर्धा तास लागेल, ती बारकी सुई कुठे — नाही. ठेवा तो खाली जरा, काका. नाही म्हणजे, धरून ठेवलात तरी चालेल. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, आणि ताईने मला बजावलंय की अजिबात सांगू नकोस, त्या माणसाला कळणार नाही, तू कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस. ताई दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे, ती म्हणते, आम्ही पेशंटला सगळं सांगत बसलो तर कोणी तोंड उघडणार नाही. पण तुम्ही अंगठा फिरवताय आणि मला ते बघवत नाहीये.

असंय बघा. प्रत्येकाच्या हाताची वीण वेगळी असते. माझी घट्ट आहे, जरा जास्तच, ताई म्हणते तुझ्या स्वभावासारखी. तुमच्या आईची मोकळी होती, आणि वर वर जाताना आणखी सैल होत गेलेली. खाली बसकी, छान, आणि वर गळ्याशी येईपर्यंत टाके मोठे मोठे, मधून बोट जाईल असे. आता मी ती वेणी सरळ केली तर ती तेवढीच घट्ट दिसायला लागली, ठिगळासारखी. म्हणून म्हटलं, तिच्या वरचं तेवढं उसवू आणि परत विणू. उसवलं, विणलं. तर तिथे आडवी रेघ दिसायला लागली, खाली त्यांचं, वर माझं, डोळ्यात भरेल अशी. मग आणखी थोडं खाली गेले. रेघ खाली आली, पण रेघ आहेच. दुपारभर हेच. शेवटी म्हटलं, पुढचा भाग अख्खाच उसवून टाकावा, एकदाची कटकट नको. उसवताना किती सरसर येतं हो ते. विणायला किती दिवस लागले असतील, पण एक टोक ओढलं की — जाऊ दे.

हो. पुढचा भाग सगळा माझा आहे.

नाही, पाठसुद्धा. कारण पाठ पुढच्या भागाला जोडताना खांद्याशी जुळेना, त्यांची ढिली आणि माझी घट्ट. आणि मग बाही राहिली, ती एकटीच कशी ठेवणार? ती तर मापापेक्षा लांब होती, मला वाटलं म्हाताऱ्या माणसाचा अंदाज चुकला असेल. माप तुम्हीच दिलेल्या दुकानातल्या स्वेटरवरून घेतलं होतं मी, त्याच्या बाहीपेक्षा चांगली चार बोटं लांब. म्हणून तीही. आता यात त्यांचा एकही टाका नाहीये, काका. त्या बाईने लिहिलंय ना, आईचा हात कुठे संपतो ते कळत नाही — कसं कळणार? त्यांचा हात यात आहेच कुठे?

लोकर तीच आहे हं. शपथेवर सांगते, लोकर त्यांचीच, त्यांच्याच हातातून गेलेली. मी हेच स्वतःला सांगत आले इतके दिवस. फक्त — उसवलेली लोकर वेडीवाकडी असते, जिथे जिथे टाका होता तिथे तिथे वळण राहतं, तशीच विणली तर काम ओबडधोबड दिसतं. म्हणून तिच्या लडी करून कोमट पाण्यात भिजवायच्या, साबण लावायचा, आणि खाली वजन टांगून वाळवायच्या, की सगळी वळणं जातात. ती गेली. वासही गेला. आधी वास होता एक, औषधाचा आणि खोबरेल तेलाचा, अभ्र्यालाही होता. तुम्ही मघाशी अभ्रा उघडून नाकाशी नेलात ना, मी बघितलं, मी मुद्दाम फोटोचं काढलं तेव्हा.

रागवा. ओरडलात तरी चालेल, शेजारी कोणी नसतं या वेळेला. मला लाज वाटतेय हो, तोंड कुठे लपवू कळत नाहीये, आणि त्याहून जास्त लाज कशाची वाटतेय सांगू? तुम्ही आत यायच्या आधी मी काय विचार करत होते — की याला कळलं आणि याने त्या फोटोखाली जाऊन लिहिलं, तर मी संपले. तुमच्या आईचा विचार नव्हता त्यात. तुमचाही नव्हता. आत्ताही बोलतेय ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून की तुम्ही तिथे लिहू नये म्हणून, ते माझं मलाच सांगता येत नाहीये. फोटो काढून टाकते मी. आत्ता काढते, तुमच्यासमोर. हे बघा. गेला. आता त्या मफलरवाल्या बाईंना काय सांगू? येऊ नका म्हणू? की येऊ दे आणि पहिल्यांदा नीट ऐकून घेऊ?

उलटी वेणी मी घालू शकते, काका. हुबेहूब. त्याच जागी, डावीकडे वळलेली, कोणालाही कळणार नाही. पण ती मी मुद्दाम घातलेली असेल. तुम्ही रोज अंगठा फिरवाल आणि ती माझी असेल. नको ना? मलाही नको वाटतंय.

त्या टोपलीत? काही नाही, उरलेली लोकर आहे. तुम्ही सोबत दिलेले कोरे गुंडे पुरले शेवटी, म्हणून ती — नाही, ती धुतलेली नाही. कंटाळा केला मी. ती त्यांची बाही आहे, उसवून तशीच टाकलीय, गुंतलीय सगळी, तिचं काही होण्यासारखं नाही. थांबा, मी काढून देते, सुया आहेत त्यात — अहो, हात कशाला घालताय, लागेल. बघा, अजून वळणं आहेत तिच्यात, एकेका टाक्याची. सरळ केली तरी परत तशीच वळते.

तुमचे हात किती लांब आहेत, काका. शर्टाची बाहीसुद्धा वर गेलीय, मनगट सगळं उघडं. ती बाही बरोबर होती म्हणजे.

वास आहे? आहे ना अजून? मी घेतला नाही कधी परत, धीर झाला नाही. घ्या, घ्या ना, सगळी घ्या, मी कशाला ठेवू? अभ्र्यात नका घालू तेवढी, त्याला माझ्या साबणाचा वास आहे. हो, खिशात बरी. — निघालात? दार अडकतं जरा, कडी वर उचलून मग ओढा. हं, तसं.

काका, स्वेटर राहिला. टेबलावर राहिला तुमचा.

काका, अहो —