अण्णाच्या फोनवरचा ओटीपी

आमच्या चिटगुप्प्याच्या डाळमिलमधी मेलेल्या माणसाला विचारल्याबिगर काम सुरू व्हत न्हाई, खरं सांगायलोय.

मशिनीची सगळी अक्कल एकट्या शरणप्पा अण्णाकडं. मालकानं ती मला कॉम्प्युटरात भरायला लावली, लॉगिनला अण्णाचाच नंबर दिला. भरून झालं अन् महिन्यात अण्णा गेले. आता फाईल उघडायची म्हणलं की ओटीपी त्यांच्या घरी जायलाय. मग मी रोज सकाळी त्यांच्या बायकोला फोन लावतो.

"अक्का, आकडे आले का?"

"आले बाबा. काय खाल्लास का? तुझ्याबिगर कुणाचाच फोन येत न्हाई बघ."

परवा मालक वरडला, "तो नंबर कामून बदलंनास रे?"

म्हणलं, "बदलायलोय मालक, पण व्हईनाच."

तसं दोन मिनिटांचं काम हाय ते.