घोंगड्याखाली धरलेला हात

मुक्काम सोलापूर, पेठेतील पोलीस चौकी. तारीख २४ माहे ऑक्टोबर, सन १९३४, दोन प्रहर टळल्यावर.

नाव केराबाई कोम सिद्धाप्पा. जात धनगर. वय अजमासे चाळीस. बाई सांगते की, पहिल्या प्लेगाच्या साली मी भिंतीला धरून चालत होते. धंदा मेंढरे राखणे व घोंगडी जोडणे. राहणार मौजे होटगी.

सदर बाईचे म्हणणे पडले की, मी बोलते तसेच लिहा, तुमच्या भाषेत लिहिलेत तर मला माझाच जबाब कळणार नाही. फौजदारसाहेबांनी परवानगी दिल्यावरून चौकीच्या हवालदाराने तिच्या तोंडचे शब्द लिहून घेतले आहेत. बाई मधून मधून हसते, तेवढे लिहिलेले नाही.

मी समक्ष चौकीत हजर राहून सांगते की, मी चोर न्हाय, वाईट चालीची न्हाय, आन् ह्या शेजारी बसल्यात त्या सुंदरम्माबाईंच्या नवऱ्याशी माजं कसलंबी देनंघेनं न्हाय. म्हंजी घेनं हाय, पर ते मशीनचं. माज्या मांडीवर हाय तीच ती शिवायची मशीन. शिपाई रावजीदादांनी दोनदा मागितली, मी दिली न्हाय. त्येंनी राग धरू ने.

आमचा धंदा आसा की, घोंगडं एका पट्टीचं निगत न्हाय, दोन पट्ट्या जोडून करावं लागतं. ती जोडनी मी दाभनानं करते. अलीकडं होटगी टेशनाच्या मालधक्क्यावर ताडपत्र्या आन् पोती ढिगानं फाटत्यात, आन् तितला मुकादम म्हनला की, जाड शिवनारी मशीन आनशील तर बारा महिने काम तुजंच. आता बारा महिने म्हंजी काय, ते तुमाला कळायचं न्हाय. दिवाळी सरली की आमी मेंढरं घेऊन निगतो, ते मिरगाच्या तोंडाला माघारी येतो. लगीन झाल्यापास्नं माज्याच दारातला लिंब फुलल्याला मी कदी बगितला न्हाय.

माजी लेक मायाक्का पोटुशी हाय. माघात बाळंत हुईल. मागल्या बारीला ती बाळंत झाली तवा मी मेंढरांमागं भीमेच्या पल्याड व्हते. सांगावा पोचला तवर समदं आटपलं व्हतं. त्याबद्दल मला जादा काय सांगायचं न्हाय. ह्या बारीला मी घरात असनार, आन् घरात बसायला मशीन पायजे. एवढंच कारन.

माजा मालक सिद्धाप्पा आदी न्हाय म्हनत व्हता. मग म्हनला, मेंढरं मी आन् जावई बगतो, तू बस शिवत, पर मशीन घेताना मेंढा घेतेस तशी पारखून घे, रंगाला भुलू नगं. म्हनून आज सकाळी आमी दोगं सोलापुरात आलो. येताना मी चार घड्या घातल्यालं घोंगड्याचं तुकडं बरोबर आनलं व्हतं.

पयल्या दुकानातली मशीन लई देखनी. काळी कुळकुळीत, आंगभर सोनेरी फुलं, नवरीगत नटल्याली. मी दुकानदाराला इच्यारलं, हिची खोड काय? तो म्हनला, खोड कसली, इंग्लंडात घडलीय. मी म्हनलं, मग माजं घोंगडं शिवून दाव. त्यानं मलमलीचा चिंधोटा काढला आन् भराभरा शिवून दावला. मलमल काय, फुंकर मारली तरी शिवून निगंल. जो मेंढ्याला चार पावलं चालवून दावत न्हाय, त्येच्या मेंढ्याचा पाय दुखरा असतो, हे आमच्यातलं शेंबडं पोरगंबी सांगंल. आमी तितनं उठलो.

दुसऱ्या दुकानात मी मशीनच्या पोटाखाली हात घातला तर बोटाला ओला रंग लागला. वरनं नवी, खालनं माज्या आज्जीच्या वयाची. म्हाताऱ्या मेंढ्याच्या शिंगाला तेल लावून आनत्यात, तसला परकार. तो दुकानदारबी म्हनला, खोड आजिबात न्हाय. सिद्धाप्पा म्हनला, चल, ह्या गावात बिनखोडीचीच जनावरं दिसत्यात.

तिसरं दुकान ह्या विरुपाक्षअण्णांचं. तितं ही मशीन कोपऱ्यात व्हती. बगा की हिच्याकडं, आंगावर एक फूल न्हाय, मान जाड, जबडा मोठा. अण्णा म्हनले, ही पूर्वी घोड्यांचं जीन शिवायची. मी घोंगड्याचं तुकडं फुडं केलं. त्येंनी एका शबदानं न्हाय म्हनलं न्हाय, सुई बदलली, जाड दोरा ओवला आन् मला म्हनले, तुम्हीच पाय मारा. मी पाय मारला. साहेब, चार घड्यांतनं सुई आशी गेली की जनू लोन्यातनं चाललीय. आवाज आसा की धरनी हादरती. जी शिवन घालाया माजी दुपार जाती, ती मी हासतच व्हते तवर झाली. मी पुन्यांदा शिवलं, मग तिसऱ्यांदा, तुकडं संपलं तर पदराचं टोक शिवलं. हा बगा पदर. मला काय झालं व्हतं काय की, जत्रंत पाळन्यात बसल्यागत पोटात गुदगुल्या व्हत व्हत्या.

मग मी इच्यारलं, हिची खोड काय? अण्णांनी इकडं तिकडं बगितलं न्हाय. म्हनले, “बाई, खोड आहे. चाक उलटं फिरलं की ही दोरा तोडते. मी दोनदा खोलून पाहिली, जात नाही. आणि थंडीच्या दिवसांत तेल पाजल्याशिवाय हिला चालवू नका.” आनिक म्हनले की, दुकानात नवी भारीची मशीन हाय, पर ती कापडाची हाय, तुमच्या लोकरीनं तिचा घसा बसंल, घेऊ नका. मी सिद्धाप्पाकडं बगितलं, त्यानं मान डोलावली. जो आपल्या जनावराची खोड आपून सांगतो, त्येच्याकडनं डोळं झाकून घ्यावं. मी म्हनलं, हिचं दात दावा. त्येंनी मशीन फळीवरनं सोडवून माज्या फुड्यात ठिवली आन् कापड फुडं वढायचं खालचं दात दावले. दात भक्कम निगाले. मग ऱ्हायला फकस्त भाव.

हितनं फुडं जे झालं त्येची तक्रार हाय, तवा नीट लिवा. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलायचा न्हाय. चार लोकांचं कान असत्यात आन् जनावराला नजर लागती ती येगळीच. घेनाऱ्याचा आन् देनाऱ्याचा हात एका घोंगड्याखाली जातो, जितकी बोटं धरली तितका भाव, आसं काय ते ठरतं. जमलं की घेनाऱ्यानं बिरोबाचा भंडारा, म्हंजी देवाची हळद, आंगठ्यानं जनावराच्या कपाळाला लावायचा. भंडारा लागला की सौदा पक्का, मग तो कुनाच्या बानंबी मोडत न्हाय. माजा बाबा, भिमा त्येचं नाव, त्येला ल्योक नव्हता म्हनून त्यानं मला शिकवलं. सासऱ्याच्या वयाच्या बाप्यांचे हात धरून मी सौदं केल्यात, कुनी हूं का चूं केलं न्हाय. मला वाटलं समद्या दुनियेत सौदा आसाच हुतो. सोलापुरात निराळी रीत आसंल, हे सपनात न्हवतं.

तवा मी खांद्यावरचं घोंगडं काढलं, अण्णांच्या आन् माज्या हातावर टाकलं आन् त्येंची बोटं धरली. त्येंनी डोळं मिटून घेतलं. मला वाटलं, मुरल्याला गडी हाय. मग त्येंचा हात थरथराया लागला. आमच्यात हात हालवला म्हंजी, जमत न्हाय, वर चढ. मी चढले. ते आनिक थरथरले. मी आनिक चढले. त्येंच्या कपाळाला घाम फुटला, कान लाल झालं, तोंडानं शिव शिव चाललं व्हतं. मी मनात म्हनलं, केराबाई, असला चिवट सौदेवाला तुज्या बाबानंबी बगितला नसंल. आन् मला हसू आवरंना, कारन मशीन आता माजीच हुनार हे मला दिसाया लागलं व्हतं.

तेवढ्यात आतनं सुंदरम्माबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या. त्येंनी बगितलं ते आसं की, नवरा घामाघूम, एक अनोळखी बाई दात काढून हासतीया, आन् दोगांचे हात एका घोंगड्यात. तांब्या पडला. त्येंनी कानडीत इच्यारलं, ही बाई कोन. मला कानडी येती. मी कानडीतच सांगितलं की, जरा दम धरा, आत्ता जमतच आलंय. हे मी बोलाया नको व्हतं आसं रावजीदादा म्हनत्यात. पर खरं तेच व्हतं.

मग सुंदरम्माबाई दारात आल्या आन् मोठ्यानं इच्यारलं की, ही बाई कुनाची हाय. सिद्धाप्पा पायरीवर चिलीम वढत बसला व्हता. तो म्हनला, “माजी हाय. सौदा चाललाय, मदी बोलू नगा.” त्येचं काय चुकलं न्हाय, सौद्यात तिसऱ्यानं बोलायचं नसतंय. पर त्यावर बाईंनी घोंगडंच वढलं, सौदा फुटला आन् गल्ली गोळा झाली. लोक तेलगूत इच्यारत व्हते, कानडीत इच्यारत व्हते, मुसलमानीत इच्यारत व्हते, आन् समद्या भाषांत हासत व्हते. सौदा फुटला की जनावर तिसराच कोन तरी घेऊन जातो, हे मी बाजारात लई येळा बगितलंय. म्हनून मी मशीन पोटाशी धरली. रावजीदादा आले आन् म्हनले चौकीत चला, तर मी तिला घेऊनच आले. ती चोरी न्हवं, राखन हाय.

हितं आल्यावरची हकीगत तुमच्या डोळ्याम्होरंच घडलीय, तरी लिवा. साहेब अण्णांना इच्यारत व्हते, पर अण्णा नुसतं शिव शिव म्हनत व्हते. तवा रावजीदादांनी गंमत म्हनून मशीनचं चाक उलटं फिरवलं. सुईत दोरा व्हता तसाच व्हता. तो टचकन तुटला. मी टाळी वाजवली. म्हनलं, बगा, मानूस खरं बोलला व्हता. तवा कुटं अण्णा तोंड उगडून म्हनले की, मी आधीच सांगितलं होतं. आपल्या मालाचा दोरा तुटला म्हनून खूश झाल्याली गिऱ्हाईक त्येंनी कदी बगितली नसनार.

साहेबांनी मला इच्यारलं की, परक्या बाप्याचा हात धरताना लाज वाटली न्हाय का. मी सांगितलं की, साहेब, तो हात म्हंजी मळल्याली कनीक. माज्या मालकाचा हात बगा, दोरखंड हाय नुसता. असल्या मऊ हाताचं मी काय करू? मला मशीन पायजे. तवा सुंदरम्माबाई पदरात तोंड घालून हासल्या, आन् पदर हालला तसा त्येंच्या कमरंचा किल्ल्यांचा झुबका वाजला. दुकानाची किल्ली, कपाटाची, पेटीची, समद्या तितंच. अण्णांकडं एक बी न्हाय. मी इच्यारलं, दुकानात भाव कोन ठरवतं? अण्णांनी बायकोकडं बगितलं. म्हंजी माजी चूक व्हय म्हनलं तर एवढीच की, मी हात चुकीचा धरला.

म्हनून मी साहेबांच्या पाया पडून मागितलं की, सौदा हितंच पुरा करू द्या. मशीन घेतल्याबिगर गेले तर दिवाळी हुताच मेंढरांमागं निगावं लागंल, आन् मायाक्का पुन्यांदा एकलीच. साहेब म्हनले, ही चौकी आहे, बाजार नव्हे. मग सुंदरम्माबाईंकडं बगून म्हनले, जबाब लिहून होईतो काय करायचं ते करा.

आता घोंगडं आमच्या दोगींच्या हातावर हाय. बाईंना रीत ठावं न्हवती, सांगताक्षनी कळली. हवालदारदादा, हा हात थरथरत न्हाय. निबार हाय. मी म्हनते एवढं, ती म्हनती आनिक. मी सरकते, ती सरकत न्हाय. आपली जात भेटली म्हनायची. थांबा, बोलताना बोटं चुकत्यात.

(येथे बाई घोंगड्याखाली बोटे मोजण्यात गुंतल्यामुळे लिहिणे थांबवले.)

फुडं लिवा. भाव माज्या आवाक्याच्या वर आडला व्हता आन् माजी बोटं संपली व्हती. सुंदरम्माबाईंनी घोंगड्याखालनं हात न काढता हळूच इच्यारलं, “लेकीचं मागलं बाळ जगलं का?” मी मान हलवली, न्हाय म्हनून. त्येंनी एक बोट सोडलं. मग आनिक एक सोडलं.

मला आनिक काय सांगायचं न्हाय. हवालदारदादांनी समदं मोठ्यानं वाचून दावलं. ऐकताना मी हासले, सुंदरम्माबाईबी हासल्या, साहेब खिडकीकडं तोंड करून हुबे व्हते. मजकूर माज्याच तोंडचा हाय, त्यात कुनी घातलं न्हाय की काढलं न्हाय.

निशाणी केराबाई कोम सिद्धाप्पा, उजवा अंगठा.

शेरा : तक्रारदार सुंदरम्मा हिने तक्रार मागे घेतली असून ती सदर बाईबरोबर मशीनचा दुकानात राहिलेला पायांचा सांगाडा काढून देण्यास दुकानी गेली. निशाणी काळी न उठता पिवळी उठली आहे, कारण शाई लावण्यापूर्वीच अंगठा भंडाऱ्याने भरलेला होता. दुसऱ्यांदा शाई लावण्यास बाई थांबली नाही.